लिफाफ्यातल्या दोन ओळी

मध्यप्रदेश शासनाच्या सेवेत आम्ही बत्तीस वर्षे काढली. त्यांतली चार इंदुरास, आस्थापना शाखेत. नव्या उमेदवारांच्या चारित्र्य-पडताळणीचे अहवाल थान्यातून बंद लिफाफ्यात येत. वर 'गोपनीय' असा शिक्का. बहुतेकांत 'प्रतिकूल काही आढळले नाही' एवढेच असे, आणि आम्ही ते चहा घेता घेता फोडीत असू.

१९९० च्या पावसाळ्यात असाच एक लिफाफा आला. उमेदवार आमच्याच गल्लीतला, दोन पिढ्यांच्या घरोब्यातला. (ती फाईल आम्ही दुसऱ्याकडे सोपवावयास हवी होती, सोपविली नाही.) लिपिकाच्या जागेसाठी त्याची निवड झाली होती. अहवालात दोन ओळी: उमेदवाराची ऊठबस संशयास्पद व्यक्तींत असल्याची खात्रीलायक माहिती थान्याकडे आहे, नियुक्तीची शिफारस नाही. गुन्हा नोंदलेला नाही, अटक नाही, आरोपपत्र नाही. माहिती कोणती, ह्याविषयी अवाक्षर नाही. आम्ही टिपणी लिहिली, 'अहवाल प्रतिकूल. आदेशार्थ सादर.' वरून सही झाली आणि त्याची नोकरी गेली. म्हणजे लागलीच नाही.

आठ-दहा दिवसांनी तो घरी आला. पुढे ठेवलेल्या पोह्यांना त्याने हात लावला नाही. "दादा, त्या कागदात काय आहे एवढंच सांगा. माझं काही चुकलं असेल तर मी कबूल करीन."

आम्ही म्हणालो, "अरे, ते गोपनीय असतं."

उत्तर नियमाला धरून होते. तो उठून गेला.

निवृत्तीनंतर आम्ही ह्या विषयावरचे निवाडे वाचून काढले. उत्तर प्रदेशातील खरक सिंग ह्यांना १९४१ साली दरोड्याच्या प्रकरणातून पुराव्याअभावी सोडून दिले होते. तरी पोलिसांनी त्यांच्या नावे इतिहासपत्र उघडले आणि हवालदार अपरात्री दार ठोठावू लागले. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या त्या भेटी तेवढ्या रद्द केल्या. गोविंद नावाच्या इसमाने आमच्याच प्रांताच्या पोलीस नियमांना दिलेल्या आव्हानाचा निकाल १९७५ साली लागला. नियम टिकले, पण ते सरसकट न लावता गुन्हेगारीचेच जीवन जगणाऱ्यांपुरते ठेवावे, असे न्यायालयाने बजावले. १९८० साली पंजाबच्या एका प्रकरणात ठरले, की पाळतीच्या नोंदवहीत नाव घालण्यापूर्वी त्या माणसास कळविण्याची गरज नाही. नोंदीला सबळ कारण नसेल तर न्यायालय हस्तक्षेप करील. नोंद असल्याचेच ज्याला ठाऊक नाही, त्याने न्यायालयात कशाच्या आधारे जावे, हे मात्र आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

खबर देणाऱ्याचे नाव झाकावे, हे आम्हांस मान्य आहे. त्याच्या जिवाचा प्रश्न असतो, आणि १८७२ च्या पुरावा कायद्यातले ते संरक्षण २०२३ च्या नव्या कायद्यातही कायम आहे. परंतु खबऱ्याचे नाव झाकणे वेगळे आणि आरोपच झाकणे वेगळे. 'तुझ्याविषयी अमुक म्हटले आहे, तुझे म्हणणे काय?' असे एक पत्र धाडावे, असा शेरा आम्हांस टिपणीत लिहिता आला असता. वरिष्ठांनी कदाचित खोडला असता. आम्ही तो लिहिलाच नाही. थान्याकडे खरोखर काही असेलही; पण ते तपासून पाहण्याची ती एकच वेळ होती.

त्याने पुढे वह्या-पुस्तकांचे दुकान टाकले, संसार केला. गणेशोत्सवात भेटतो, वाकून नमस्कार करतो. त्या कागदाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीच्या पासपोर्टासाठी हवालदार गल्लीत चौकशीस आला आणि शेजारी म्हणून आमच्या ओट्यावर बसला. कुटुंब कसे आहे, कोणी येतेजाते का, असे त्याने विचारले. आम्ही सांगितले आणि सही केली. सायंकाळी तो आला. "दादा, काय विचारलं हो त्यांनी?"

प्रश्न आणि आमची उत्तरे, आम्ही त्यास शब्दशः सांगितली. तो ऐकून घेत होता. मग आम्ही म्हणालो, "आणि तो नव्वद सालचा कागद—" त्याने हात वर करून आम्हांस थांबविले आणि घरात हाक देऊन पाणी मागितले.