माथेरानहून द्राक्षांच्या गांवीं

माथेरानीं मोटारीस प्रवेश नाहीं, ही गोष्ट वाचकांस ठाऊकच असेल. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० सालीं हा डोंगर चढून गेले, १९०७ सालीं पीरभॉय घराण्याच्या खटपटीनें नेरळहून लहान रुळांची आगगाडी वर आली, आणि २००३ सालीं केंद्र सरकारनें हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून राखून ठेवला. इतकीं स्थित्यंतरें झालीं, तरी मोटार दस्तुरी नाक्याशींच थांबते. अशा ठिकाणीं चार दिवस विसाव्यास गेलेल्या कुटुंबानें दिवसभर मोटारींतून हिंडावें, आणि तेंहि वाइनचे कारखाने पाहण्यासाठीं, हें ऐकून कोणासहि हसूं येईल. परंतु गेल्या माघांत आमच्या हातून तसें घडलें खरें.

हट्ट अर्थात् पुतण्यांचा. इगतपुरीच्या अलीकडे-पलीकडे लहान लहान वायनऱ्या निघाल्या आहेत, तेथें द्राक्षापासून बाटलीपर्यंत सारें दाखवितात, एका दिवसांत जाऊन येतां येतें, असें त्यांचें म्हणणें. विरोध आत्याबाईंचा. त्यास कारणहि तसेंच होतें. आमच्या घराण्यांत एका पिढीपूर्वीं दारूपायीं एक भरला संसार मोडला, आणि त्या संसारांतलीं दोन मुलें आत्याबाईंनींच वाढविलीं. त्यामुळें त्यांच्यापुढें हा विषय काढण्याचें धैर्य सहसा कोणी करीत नसे. शेवटीं त्यांनींच तोड काढली. “तुमच्या वायनरीच्या वाटेवर कावनईचें कपिलधारा तीर्थ आहे ना? मग मीहि येतें. अगोदर तीर्थ, मग तुमचें तें काय असेल तें.”

पहांटे दस्तुरीपर्यंत पायीं आलों आणि मोटारींत बसून नेरळचा घाट उतरलों. पुढें कळंब, म्हसें, मुरबाड असा रस्ता. उजव्या हातास सह्याद्रीची भिंत सतत सोबत करते. तींतच सिद्धगड दिसतो. माथेरानचे भाई कोतवाल २ जानेवारी १९४३ रोजीं त्याच सिद्धगडाच्या रानांत इंग्रज सरकारच्या गोळ्यांस बळी पडले. मुलांस तो डोंगर दाखविला, तेव्हां मोटारींतली बडबड क्षणभर थांबली. वाटेंतल्या उतारांवर धायटी फुलली होती. तिचीं लहान तांबडीं फुलें पाहून आत्याबाई म्हणाल्या, “हीं आपल्या द्राक्षासवांत घालतात बरें.” त्या वेळीं आम्हीं या वाक्याकडे विशेष लक्ष दिलें नाहीं.

शहापुरास मुंबई-आग्रा रस्ता लागला आणि कसाऱ्याचा घाट चढून आम्ही वर आलों. हवेंतला फरक येथें अंगास कळतो. कर्जत-खालापुराकडे द्राक्षांचे मळे कां नाहींत, असें मुलांनीं विचारलें होतें. त्याचें उत्तर हा घाटच देतो. खालची कोंकणपट्टी सखल, दमट आणि उष्ण. वरचें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें सहाशें मीटर उंच, हिवाळ्यांत कोरडें आणि रात्रीं थंड. इगतपुरीसहि पाऊस कांहीं थोडाथोडका पडत नाहीं. पण पावसाळ्यांत वेलीवर फळच नसतें, अशी येथल्या बागाइतदारांची योजना असते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरतां सरतां गोडी छाटणी, अशा वर्षांतून दोन छाटण्या करून ते द्राक्ष कोरड्या दिवसांत पिकवितात. तोडणी मग साधारण पौषापासून फाल्गुनापर्यंत चालते.

कपिलधारेचें दर्शन घेऊन दुपारीं आम्ही सांजेगांवच्या बाजूस वळलों. या शिवारांत ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने अशा दोन वायनऱ्या आहेत. दुसरी लहान असून तिच्या आवारांतून मुकणे धरणाचें पाणी दिसतें. बागेंतले घड पाहून मुलांची थोडी निराशाच झाली. बाजारांतल्या टपोऱ्या द्राक्षांपुढें हे मणी अगदींच लहान, जाड सालीचे आणि बियांचे! परंतु वाइनचा रंग आणि स्वाद पुष्कळसा त्या सालींतूनच येतो. पांढऱ्या वाइनसाठीं रस सालींपासून लगेच वेगळा करून थंड टांक्यांत आंबवितात. तांबडीसाठीं सालींसकट आंबवितात. त्यानंतर कांहीं वाइन ओकच्या पिंपांत मुरत ठेवतात. पोलादी टांक्यांच्या त्या ओळी पाहून हा मद्याचा गुत्ता नसून एखादी दुग्धशाळा असावी असा भास होतो.

माहिती सांगणारा तरुण जवळच्याच खेड्यांतला होता. आत्याबाईंनीं त्यास विचारलें, “ह्यांत धायटीचीं फुलें किती घालतां?”

तो गोंधळला. “आजी, आम्ही फुलें नाहीं घालत. यीस्ट घालतों.”

“एकच झालें. द्राक्षासव आंबायला आम्ही फुलें घालतों, तुम्ही दुसरें कांहीं घालतां.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलें. घरोघरच्या फडताळांत, अशक्तपणावर म्हणून ठेवलेल्या त्या बाटलींत आंबण्यानें आपोआप उत्पन्न झालेला मद्यांश असतो, वाइनपेक्षां सामान्यतः कमी, पण असतो, हें आम्हांस वाचून ठाऊक होतें. तें मोठ्यानें मात्र कोणी बोललें नव्हतें.

मग चव पाहण्याची वेळ आली. पुतणे आत्याबाईंकडे पाहूं लागले. त्या म्हणाल्या, “मी पहारा करायला आलें नाहीं. पण कोण किती घेतो, तें पोरांना दिसतें, एवढें ध्यानांत ठेवा.” दोघांनीं घोटभर चव घेतली. शेजारच्या मेजावर वाइनचे कोणी जाणकार बसले होते. ते प्रत्येक पेल्यांतला घोट तोंडांत घोळवून भांड्यांत थुंकीत होते. आत्याबाईंस याचा मोठा अचंबा वाटला. “थुंकायचें तर घ्यायचें कशाला?” तो तरुण म्हणाला, “आजी, सगळें पोटांत गेलें, तर पुढची चव कळणार नाहीं.” यावर आत्याबाई प्रथमच मोकळेपणीं हसल्या.

या प्रदेशांत हा उद्योग वाढला त्यामागें सरकारी धोरणहि आहे. मुंबई दारूबंदीचा कायदा १९४९ सालचा. त्याच राज्याच्या वारशांत २००१ सालीं द्राक्षांवरील प्रक्रियेस उत्तेजन देणारें धोरण आलें. जानेवारी २०२२ मध्यें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें घेतला, तेव्हां केवढें वादळ उठलें! बागाइतदारास मालाचा हुकमी गिऱ्हाईक मिळावा, हें एका बाजूचें म्हणणें. घराच्या उंबऱ्यापर्यंत मद्य येऊं नये, हें दुसऱ्या बाजूचें. बागेंत उभें राहिल्यावर पहिलें पटतें, आणि आत्याबाईंच्या शेजारीं उभें राहिल्यावर दुसरें. दोन्ही एकाच दिवशीं आणि एकाच ठिकाणीं पटलीं, हीच आमच्या सफरीची खरी कमाई. पदार्थ निराळा असल्यानें घर तरतें किंवा बुडतें असें नव्हे. हात कोठें थांबतो, यावर तें अवलंबून असतें. आणि ज्याचा हात थांबत नाहीं, त्याच्यासाठीं उंबऱ्याबाहेरची बंदीच बरी, हेंहि आमच्या घरानें भोगून शिकलेलें आहे.

परततांना कसाऱ्याच्या घाटांत अंधार पडला. आमचा नेरळचा चालक दिवसभर चहा-पाण्यावर राहिला होता. आम्हां नऊ जणांचे जीव त्याच्या हातीं होते. जाणाऱ्यांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें: तोडणीच्या दिवसांत जावें, पहांटे निघावें, आणि ज्यानें मोटार हांकावयाची त्यानें पेल्यास हात लावूं नये.

दस्तुरीस मोटार नेहमीप्रमाणें थांबली. पुढें लाल मातीचा रस्ता आणि जांभळींची सावली. मुक्कामीं पोंचल्यावर जेवणें झालीं, आणि आत्याबाईंनीं पिशवींतून आपली बाटली काढून धाकट्या पुतण्यापुढें केली. तो द्राक्षासव ओतूं लागला, तेव्हां त्या म्हणाल्या, “दोन चमचे. तिसरा मागितला, तरी द्यायचा नाहीं.”