आसनाखालचा पत्रा

अमेरिकेस जाऊन आलेल्या मनुष्याने नायगाऱ्याविषयी लिहावे, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. आम्हीही गेल्या उन्हाळी सुटीत सपत्नीक कॅलिफोर्नियात चिरंजीवांकडे पाच आठवडे राहून आलो. परंतु नायगारा तेथून दोन हजारांहून अधिक मैल दूर. शिवाय आमचा मुक्काम बव्हंशी पोमोना नगराजवळच्या एका शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये, एका जुन्या मोटारीखाली वाकून पाहण्यातच गेला. तेव्हा लिहिणार ते त्याविषयीच.

ती मोटार १९३१ सालची फोर्ड कंपनीची 'मॉडेल ए'. शेजारचे आजोबा सत्तरीच्या पुढचे. जुनी मोटार आणून, मडगार्डे काढून, छप्पर खाली घेऊन, नवे दणकट इंजिन बसवून तिला वेगवान करायची, हा त्यांचा नाद. अशा घरगुती मोटारीस तिकडे 'हॉट रॉड' म्हणतात. आमचे चिरंजीव दर रविवारी त्यांच्या हाताखाली असत. एवढे शिकलेला मुलगा अंगाला ग्रीस फासून पाठीवर पडलेला पाहून आम्हांस प्रथम रागच आला, हे कबूल करावयास हवे. उद्यमबागेतील कारखान्यांच्या दारांवरून आमची निम्मी हयात गेली. पण मुलाने आत डोकावू नये, म्हणून तर त्याला शिकविला!

हा नाद त्या भूमीचाच आहे. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या मोहावे वाळवंटात कोरड्या सरोवरांचे सपाट तळ आहेत. तिकडची तरुण मुले स्वस्तातील जुन्या फोर्ड गाड्या घेऊन या तळांवर धावावयास जात. १९३७ साली त्यांच्या मंडळांनी एकत्र येऊन संघटना स्थापिली आणि १९३८ मध्ये म्युरॉक नावाच्या तळावर पहिली रीतसर शर्यत भरविली. पुढे महायुद्धात म्युरॉक सैन्याने घेतले. युद्धानंतर विमानांचे भंगार स्वस्त झाले, तेव्हा विमानाच्या पेट्रोलच्या टाकीत चाके बसवून धावणारेही निघाले. बॉम्बफेकी विमानातील ॲल्युमिनियमची आसने तर कित्येकांनी मोटारीत बसविली.

आजोबांचे आसन मात्र भंगारातील एका साध्या मोटारीचे होते. गाडी सहा महिने गल्लीत फिरत होती. आम्ही गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात ब्रेक दाबताना आसन किंचित पुढे झुकल्यासारखे चिरंजीवांना वाटले. सतरंजी उचलून पाहतात तो, मागच्या दोन बोल्टांच्या भोकांभोवती पत्र्याला केसासारख्या चिरा! मूळ गाडीत पुढची तळफळी लाकडाची होती. ती कुजल्यामुळे तेथे अठरा गेजचा, म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटरचा पत्रा घातला होता, आणि आसनाचे चारही बोल्ट नुसत्या त्या पत्र्यात, बोटभर वॉशरवर आवळलेले. ब्रेक लागला की माणसाचा भार पुढे जातो, आसनाचे पुढचे पाय पत्रा दाबतात, मागचे तो वर उपसतात. रोज थोडा थोडा वाकत पत्रा शिणतो आणि फाटतो. आजोबांनी चिरांवरून नख फिरविले आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत. त्या आसनावर आमचा मुलगा बसत होता.

आमच्याही तोंडास कोरड पडली. अकरा वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल हलशीस निघाली होती. टेम्पो खाजगी, आत दोन्ही बाजूंस बाके. आम्ही पुढाकार घेऊन गाडी पाहिली होती. पाहिली म्हणजे काय, तर बाकांचे रेक्झिन नवे आहे ना, एवढेच! खानापूरच्या अलीकडे म्हैस आडवी आली, चालकाने ब्रेक दाबला आणि एक बाक खालच्या पत्र्यासकट उखडून पुढे गेले. सातवीतल्या एका मुलीच्या गळ्याचे हाड मोडले. हाड जुळले, मुलीच्या वडिलांनी आम्हांस एक शब्दही ऐकविला नाही. परवानगीच्या कागदावर सही आमची होती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही रोज त्या गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसू लागलो. आजोबांनी फाटलेला पत्रा कापून काढला. मग गाडीत एक पालथे खोके ठेवून त्यावर ते स्वतः बसले. खाली लाकडाच्या चिपा घालीत, डोके छपरास लागत नाही, गुडघा सुकाणूस अडत नाही, पाय पेडलवर पुरतो, असे तासभर करून त्यांनी खडूने खुणा केल्या. आधी माणूस, मग आसन, मग लोखंड, असा त्यांचा क्रम. गाडीच्या चॅसीवर बॉडीच्या कडेच्या दोन लोखंडी पट्ट्या बोल्टांनी बसविलेल्या असतात. त्या दोहोंमध्ये आडवे असे दोन एक इंची चौकोनी पाईप त्यांनी वेल्डिंगने जोडले, एक आसनाच्या पुढच्या पायांखाली, एक मागच्या. पोकळ पाईपात बोल्ट आवळला तर पाईप चेपतो. म्हणून प्रत्येक भोकात आरपार छोटी जाड नळी बसवून ती वेल्ड केली. बोल्ट तीन सुती, माथ्यावर सहा रेघांचे, म्हणजे वरच्या प्रतीच्या पोलादाचे. पट्ट्यासाठी साडेतीन सुती बोल्ट आणि त्याखाली तळहाताएवढी जाड पाटी. मूळ गाडीस सुरक्षेचा पट्टा नव्हताच. आसन आणि पट्टा दोन्ही बॉडीच्या त्याच सांगाड्याला बांधले पाहिजेत, एक चॅसीला आणि दुसरा बॉडीला नव्हे, असा आजोबांचा आग्रह होता. भोक पाडण्यापूर्वी चिरंजीव ड्रिल टेकवितात तोच आजोबांनी त्यांचे मनगट धरले आणि खाली बॅटरी धरून दाखविली: अगदी तेथूनच ब्रेकची नळी गेली होती.

पत्रा शेवटी बसला. तो आता नुसता झाकण होता.

मे महिन्यातल्या एका रविवारी चिरंजीवांच्या साध्या मोटारीने आम्ही एल मिराज नावाच्या कोरड्या तळावर शर्यती पाहावयास गेलो. कहोन खिंडीचा चढ ओलांडला की हिरवे संपते आणि काटेरी जोशुआ वृक्ष सुरू होतात. तळ म्हणजे भेगाळलेल्या पिवळट मातीचे अंगण, क्षितिजापर्यंत. दूर पाणी चमकत होते. नावाप्रमाणेच ते मृगजळ. गाड्या सव्वा मैलाच्या वर धावून क्षणात धुळीत दिसेनाशा होत. सौ.ना त्यात गोडी वाटली नाही. आम्हांस मात्र शर्यतीहून तपासणीची रांगच अधिक आवडली: पिकल्या केसांचा एक तपासनीस प्रत्येक गाडीत अर्धा शिरून आसन हलवून पाही, पट्टा खेचून पाही, आणि मग मातीत उताणा पडून बोल्ट कोठे उतरले आहेत ते बॅटरीने न्याहाळी. एका तरुणाला त्याने परत पाठविले. तरुण चिडला नाही, हत्यारे काढून कामास लागला.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आजोबांनी आम्हांस गाडीतून फिरविले. सौ. आधी नाही म्हणाल्या, मग पदर खोचून, पट्टा लावून बसल्या.

यंदाच्या सहलीसाठी टेम्पोवाला आला, तेव्हा आम्ही धोतर वर खोवून गाडीखाली गेलो. शिपायाने बॅटरी धरली. बाकांचे बोल्ट नुसत्या पत्र्यातच होते. टेम्पोवाला म्हणाला, "गुरुजी, आजवर काही झालं नाही." आम्ही त्याला परत पाठविले आणि सहल आठ दिवस पुढे ढकलली.