तारखांचा हिशेब ठेवा

बुलढाणा, खामगाव, मेहकर, कोणत्याही कोर्टाच्या आवारात जा. आपले समाजबांधव दोन्ही बाजूंना उभे दिसतात. कोणी फिर्यादी, कोणी आरोपी. दोघांच्याही पदरात पडते ती पुढची तारीख. एसटीचे भाडे जाते, दिवसाची मजुरी बुडते.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. फाईल पडून राहणे आम्हाला नवे नाही. पण खटल्याची फाईल पडून राहिली की साक्षीदार म्हातारे होतात, काही वारतात, आठवण पुसट होते. मग निर्दोष आरोपीला आपली बाजू मांडता येत नाही आणि पीडिताला आपल्यावरचा अन्याय सिद्ध करता येत नाही.

बिहारच्या तुरुंगात खटल्याविना खितपत पडलेल्या गरीब कैद्यांच्या हुसैनआरा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1979 साली सांगितले की, खटला लवकर चालणे हा घटनेच्या 21 व्या कलमातला हक्क आहे. डिसेंबर 1991 मध्ये अंतुले प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी ठरवले की, या हक्काचा भंग झाल्यास खटला रद्दही करता येतो. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात 1987 ची फिर्याद, 1991 चे आरोपपत्र आणि पुढे 1999 पर्यंत काहीच हालचाल नाही, असे घडले. 2008 साली तो खटला रद्द झाला.

हे योग्यच झाले. सरकारने झोपा काढायच्या आणि माणसाने जन्मभर आरोपी राहायचे, हा न्याय नव्हे.

पण अॅट्रॉसिटीच्या खटल्यात गावचा धनदांडगाच तारखा घेत राहिला आणि शेवटी "फार उशीर झाला, खटला बंद करा" म्हणाला तर? अंतुले प्रकरणात याचाही विचार झाला आहे. वर्षांची ठराविक मर्यादा न्यायालयाने घातली नाही. उशीर कोणामुळे झाला, गुन्हा कोणत्या स्वरूपाचा आहे, हे तपासायचे. रद्द करणे न्यायाचे नसेल तर मुदत घालून खटला संपवण्याचा आदेश द्यायचा. 2002 साली सात न्यायमूर्तींनीही हीच भूमिका कायम ठेवली.

म्हणजे सारे अडते ते एका प्रश्नावर: उशीर कोणी केला? म्हणून बंधू-भगिनींनो, घरात एक वही ठेवा. तारीख, त्या दिवशी काय झाले, मुदत कोणी मागितली, सारे लिहा. कोर्टाच्या रोजनाम्याची नक्कल अर्ज करून घ्या. अॅट्रॉसिटी कायद्यानुसार आरोपपत्रापासून शक्यतो दोन महिन्यांत खटला संपायला हवा, हे वकिलाला सांगा. त्याच कायद्याच्या 1995 च्या नियमांप्रमाणे पीडित व साक्षीदारांना प्रवासखर्च आणि भत्ता मिळतो, तो मागा. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, स्त्रियांना आणि कोठडीतल्या माणसाला तेथे मोफत वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही तो हक्क आहे.

बाबासाहेबांनी शिका म्हटले ते यासाठीही. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी ही वही लिहायला घ्यावी. जय भीम!