मोडलेला डाव

अमेरिकेंत फिलाडेल्फियाजवळ आमचा भाचा राहतो. त्याच्याकडे गेलों असतां तेथील स्वार्थमोर कॉलेजची एक जुनी हकीकत ऐकण्यांत आली. सुमारें १४०० विद्यार्थ्यांच्या या कॉलेजनें २००० सालच्या डिसेंबरांत आपला फुटबॉलचा संघ मोडला. तिकडील फुटबॉलांत मैदानावर अकराच गडी उतरले, तरी संघास कितीतरी अधिक लागतात. प्रवेशाच्या इतक्या जागा खेळाडूंस दिल्यावर इतर गुणी मुलांस वाव कोठून राहणार, असा चालकांचा सवाल होता. हिशेब चोख! आम्हीं मान डोलविली.

पण त्या गड्यांचें काय? अशा कॉलेजांत खेळाबद्दल शिष्यवृत्ति नसते. ते केवळ आवडीनें खेळत. आतां त्यांनीं खेळासाठीं कॉलेज व सोबती सोडावेत, कीं कॉलेजसाठीं खेळ?

हें ऐकतांना घरची एक गोष्ट आठवून आम्ही ओशाळलों. मुलाची दहावी आली तेव्हां त्याची बॅट आम्हीं माळ्यावर टाकली. "एकच वर्ष," म्हणालों. तो कांहीं बोलला नाहीं. परीक्षा उत्तम झाली. बॅट मात्र त्यानें पुन्हां मागितली नाहीं.

शिकागो विद्यापीठानें १९३९ सालीं बंद केलेला हाच खेळ १९६९ सालीं पुन्हां रीतसर सुरू केला. संस्थेस तीस वर्षें थांबतां येतें. मुलांचें वय थांबत नाहीं. वडीलधाऱ्यांनीं हिशेब अवश्य मांडावा, परंतु ज्याचा डाव मोडावयाचा त्यास आधीं विचारावें. आम्हीं विचारलें नव्हतें.