तिव्होलीचे जलोद्यान

वाचकहो, उद्यान म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे प्रथम फुलांचे ताटवे उभे राहतात. परंतु इटलीत असे एक उद्यान आहे, की जेथे फुलांचे स्थान दुय्यम असून खरे वैभव पाण्याचे आहे. रोमच्या पूर्वेस सुमारे ३० किलोमीटरांवर, टेकडीच्या उतारावर वसलेल्या तिव्होली गावातील ‘व्हिला देस्ते’ हे ते उद्यान होय.

इ. स. १५५० मध्ये कार्डिनल इप्पोलितो देस्ते याची तिव्होलीचा प्रशासक म्हणून नेमणूक झाली. फेरारा येथील राजघराण्यात जन्मलेला हा धर्माधिकारी मोठा धनाढ्य व कलासक्त होता. पोपपदाची त्याची आकांक्षा मात्र सफल झाली नाही. राहण्यासाठी मिळालेल्या जुन्या मठाचा प्रासाद करावा आणि त्याखालच्या दरीत अपूर्व उद्यान उभारावे, असे त्याने ठरविले. हे काम त्याने पिर्रो लिगोरियो या वास्तुशिल्पज्ञाकडे सोपविले. लिगोरियो हा पुराणवस्तूंचाही अभ्यासक होता. जवळच असलेल्या सम्राट हेड्रियनच्या प्रासादाच्या अवशेषांत त्याने उत्खनन केले आणि तेथील संगमरवर या नव्या वास्तूच्या कामी आणला.

परंतु ती दरी ओसाड नव्हती. तेथे लोकांची घरे होती, मळे होते. ती घरे पाडण्यात आली. रहिवाशांनी कार्डिनलविरुद्ध खटले भरले. तथापि काम थांबले नाही. भराव घालून, खोदकाम करून दरीच्या जागी उतरत्या मजल्यांची बाग सिद्ध झाली.

या उद्यानाची खरी किमया पाण्याच्या योजनेत आहे. आनिएने नदीचे पाणी गावाखालून खोदलेल्या बोगद्यातून येथे आणले आहे. पाणी वर चढविणारे कोणतेही यंत्र येथे नाही. नदी उंचावर आहे आणि बाग खाली, एवढ्यावरच सारी कारंजी चालतात. उंचावरून आलेले पाणी नळीच्या अरुंद तोंडातून सुटले, की ते आपल्या मूळच्या पातळीकडे उसळी घेते. म्हणून जितके खाली उतरावे, तितकी उंच धार उडविता येते. काश्मीरची निशात बाग ज्यांनी पाहिली असेल, त्यांना उतारावरच्या पाण्याचा हा खेळ परका वाटणार नाही.

पूर्वी पाहुणे खालच्या दारातून येत आणि कारंज्यांमधून वर प्रासादाकडे चढत. आज आपण प्रासादातून खाली उतरतो. वाटेत ‘शंभर कारंजी’ लागतात. सुमारे शंभर मीटर लांबीच्या या भिंतीवरून पाण्याच्या अगणित धारा एकसारख्या झरत असतात. तिच्या एका टोकाला तिव्होलीचे प्रतीक असलेले कारंजे आहे, तर दुसऱ्या टोकाला रोमची छोटी प्रतिकृती. पुढे ‘ऑर्गनचे कारंजे’ आहे. आत कोसळणाऱ्या पाण्याने हवा कोंडली जाते, ती वाद्याच्या नळ्यांत शिरते आणि वादकावाचून संगीत ऐकू येते.

इ. स. १५७२ मध्ये कार्डिनलचा मृत्यू झाला. पुढे उद्यानाला वाईट दिवस आले. पुतळे विकले गेले, कारंजी मुकी झाली. एकोणिसाव्या शतकात कार्डिनल होहेनलोहे याने डागडुजी करविली. त्याच्याकडे मुक्कामास येणारा विख्यात संगीतकार फ्रान्झ लिझ्ट याने १८७७ मध्ये या कारंज्यांवर पियानोची एक रचना केली. पहिल्या महायुद्धानंतर ही वास्तू इटालियन सरकारकडे आली. १९४४ मध्ये बाँबवर्षावाने तिची हानी झाली. तीही भरून काढण्यात आली. २००१ मध्ये जागतिक वारसास्थळांत तिचा समावेश झाला. चुनखडीयुक्त पाण्यामुळे नळ्यांत पुटे बसतात, तेव्हा आजही येथे अखंड निगा राखावी लागते.

वाचकहो, आपल्याला कधी तेथे जाण्याचा योग आला, तर शंभर कारंज्यांपाशी क्षणभर थांबावे. तेथे दगडात कोरलेला गरुड देस्ते घराण्याचा आहे. पण ज्या भूमीवर आपण उभे असू, तेथे एके काळी साध्या माणसांच्या चुली पेटत होत्या, हेही आठवावे. एका धनवंताच्या हौसेसाठी त्यांच्याकडून घेतलेली ही जागा आज कोणाही प्रवाशाला खुली आहे. त्यांचे नुकसान त्यामुळे भरून निघत नाही. परंतु त्या सौंदर्यावर आता एकट्या कार्डिनलची मालकी उरलेली नाही, एवढे खरे.