दवाखान्याच्या कपाटातले मौखिक आरोग्य

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर मौखिक आरोग्याचे सर्वेक्षण केले आणि पाण्यातल्या फ्लोराइडचा नकाशाही त्याबरोबर तयार केला. त्या वेळी तपासलेली बारा वर्षांची मुले आता तिशीच्या पुढे गेली आहेत, तरी प्रबंधांत आणि व्याख्यानांत तेच आकडे अजून फिरत असतात. देशव्यापी सर्वेक्षण खर्चिक असते, ते दरवर्षी होणे शक्य नाही, हे मला मान्य आहे. पण दरम्यान गावोगावचे दंतवैद्य रोज तोंडे तपासतात, कोणता दात किडला, कोणता काढला, कोणता भरला हे केसपेपरवर लिहितात आणि ते केसपेपर कपाटात जातात. सार्वजनिक आरोग्याला हवी असलेली बरीच माहिती आपण आधीच गोळा केलेली आहे. ती एकत्र करून वाचण्याची व्यवस्था मात्र आपण उभी केलेली नाही.

एका दाढेचे उदाहरण घेऊ. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. तिच्या जागेवरचा कोणताही दुधाचा दात आधी पडत नाही, त्यामुळे पुष्कळ पालक तिलाच दुधाची समजतात आणि ती किडली तरी ‘पडेल आपोआप’ म्हणून सोडून देतात. दंतवैद्यांच्या दोन अंकी क्रमांकपद्धतीत या चार दाढा १६, २६, ३६ आणि ४६ अशा लिहिल्या जातात. आता एखाद्या तालुक्यातल्या पंधरा वर्षांखालच्या मुलांच्या नोंदींतून इतकेच मोजले, की या चार दाढांपैकी किती भरल्या आणि किती काढाव्या लागल्या, तर काय कळेल? काढलेल्या दाढा भरलेल्यांपेक्षा जास्त असतील, तर मुले फार उशिरा पोचत आहेत, किंवा जिथे पोचतात तिथे दाढ भरण्याची सोय किंवा ऐपत नाही. शेजारच्या तालुक्यात प्रमाण उलटे असेल, तर फरक कशामुळे पडला हे शोधता येईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत आणि अंगणवाड्यांत जातच असतात. दाढेच्या खाचा किडण्याआधीच बुजवण्याचे काम आधी कोणत्या शाळांत न्यायचे, याचा निर्णय अशा आकड्यांवर घेता येतो. माझ्या मते या एका गुणोत्तराइतका स्वस्त आणि बोलका निर्देशांक आपल्या क्षेत्रात क्वचितच सापडेल.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. महाराष्ट्रात जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात (२०१६-१७) धूम्रपान करणारे प्रौढ ४ टक्क्यांच्या आत होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे सुमारे २४ टक्के. मिश्री, मावा, विदर्भातला खर्रा, आणि २०१२ च्या बंदीनंतरही मिळणारा गुटखा ही त्यामागची नावे. मावा, खर्रा, गुटखा यांत सुपारी असते, आणि सुपारीमुळे गालांच्या आतला थर कडक होऊन तोंड उघडणे कमी होत जाते, आणि अशा तोंडात पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. प्रौढ माणसाचे तोंड साधारण ४० मिलिमीटर उघडते. तीन बोटे उभी आत जायला हवीत, असा आमचा जुना अंदाज. ती जात नसतील तर आम्ही माप लिहितो, सल्ला देतो आणि रुग्ण निघून जातो. कर्करोगाची नोंद करायला मुंबईत १९६३ पासून नोंदणी आहे, बार्शीत १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण नोंदणी आहे, आणि त्यांचे काम मोलाचे आहे. पण तिथे माणूस पोचतो तो कर्करोग झाल्यावर. त्याच्या कित्येक वर्षे आधी मापपट्टीवर दिसलेले २५ मिलिमीटर कुठेच मोजले जात नाहीत. तोंडात वेळीच डोकावण्याने काय साधते, हे तिरुअनंतपुरम जिल्ह्यातल्या मोठ्या चाचणीने दाखवले आहे. प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी नुसत्या नजरेने तोंडे तपासली आणि तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. हे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. अशी तपासणी आधी कोणत्या तालुक्यांत न्यायची, हे दवाखान्यांतल्या मापांवरून ठरवता येईल.

यावरचा सर्वांत सबळ आक्षेप असा, की दवाखान्यात येतो तो दुखणारा किंवा पैसे असणारा माणूस. त्याच्यावरून सगळ्या समाजाचे अनुमान कसे काढणार? आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच या नोंदींवरून ‘इतक्या टक्के लोकांना कीड आहे’ असे विधान कधीही करू नये. त्यासाठी लहानसे, नीट निवडलेले नमुना-सर्वेक्षणच हवे. नोंदींचा उपयोग बदल टिपण्यासाठी. त्याच दवाखान्यांत, त्याच वयोगटात, कमी उघडणारी तोंडे यंदा वाढली का, अधिक तरुणांत दिसू लागली का, हे त्या सांगू शकतात. मात्र जिथे दंतवैद्यच नाही तिथून नोंदही येणार नाही. ते मोकळे तालुके नकाशावर ‘रोग नाही’ म्हणून रंगवले गेले, तर सगळा खटाटोप घातक ठरेल. हा धोका मला सर्वांत मोठा वाटतो.

गोपनीयतेचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. नाव, फोन, पत्ता काहीही पाठवायचे नाही. वयोगट, तालुका, तंबाखू-सुपारीची सवय, चार दाढांची स्थिती आणि तोंड किती उघडते, एवढेच पुरे. फार थोड्या रुग्णांचे आकडे जाहीर करायचे नाहीत, म्हणजे कोणाला ओळखता येणार नाही. राहिला दंतवैद्यांचा वेळ. डेन्मार्कमध्ये मुलांच्या दातांच्या नोंदी १९७२ पासून राष्ट्रीय पातळीवर जमतात. स्वीडनमध्ये २००८ मध्ये सुरू झालेली नोंदणी दवाखान्याच्या संगणकातून माहिती आपोआप घेते, दंतवैद्याला वेगळा फॉर्म भरावा लागत नाही. आपल्याकडचे अनेक लहान दवाखाने अजून कागदावर चालतात, त्यामुळे ती पद्धत जशीच्या तशी इथे आणता येणार नाही. पण क्षयरोगाची नोंद खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून बंधनकारक आहे, म्हणजे खासगी क्षेत्राकडून माहिती घेणे आपल्याला अनोळखी नाही. सुरुवात दंत महाविद्यालयांपासून व्हावी. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत रोज रांगा लागतात, तपासणी एकाच पद्धतीने शिकवली जाते आणि आकडे वाचू शकणारा सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्राचा विभाग तिथेच असतो. पाच रकान्यांचा एक तक्ता, दर तिमाहीला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे जाणारा आणि नोंद करणाऱ्या प्रत्येक विभागाकडे परत येणारा, एवढ्यावर पहिले वर्ष काढता येईल. त्यानंतर खासगी दवाखान्यांना बोलवावे, आणि त्यांना त्यांच्या तालुक्याचे आकडे आधी दाखवावेत, मग त्यांचे मागावेत.