पंप नको, सिरप द्या

मुलीला बालदमा आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी पहिल्यांदा हेच म्हटलं, "पंप नको, सिरप द्या." पंप एकदा लागला की जन्माची सवय, हे डोक्यात पक्कं बसलेलं. त्यांनी समजावून पंपच लिहून दिला. मी मात्र घरात उरलेलं सिरप पाजत राहिले. साल्ब्युटामॉलच्या एका चमचा सिरपमध्ये २ मिलिग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याचा विसावा भाग, आणि तो थेट श्वासनलिकेत जातो. सौम्य समजून मी तिला कितीतरी जास्त औषध देत होते. तिचे हात थरथरायचे, छाती धडधडायची, ते मी दम्याच्याच खात्यावर टाकलं.

दुसरी चूक याहून मोठी. साल्ब्युटामॉलचा निळा पंप धाप लागल्यावर घ्यायचा, तर स्टिरॉइडचा पंप श्वासनलिकांची सूज आटोक्यात राहावी म्हणून रोज. नाइलाजानं दोन्ही सुरू केले. खोकला थांबला, रात्रीची झोप लागू लागली आणि मी रोजचा पंप परस्पर बंद केला. 'स्टिरॉइड'ची धास्ती होतीच. तिला बरं वाटत होतं ते त्याच पंपामुळे, हे ध्यानातच घेतलं नाही.

शाळेत, नातेवाइकांत कुणालाच कळू दिलं नाही. मुलीची जात, उद्या लग्नाला आडवं यायला नको!

दिवाळीत फटाक्यांच्या धुरानं तिला रात्री धाप लागली. पुढे वाकून बसलेली, प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, दोन शब्दही सलग बोलता येईनात. आणि निळा पंप कपाटात साड्यांच्या मागे, पाहुण्यांना दिसू नये म्हणून मीच दडवलेला. तो शोधण्यात मोलाची मिनिटं गेली. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, औषधाची वाफ दिली, तेव्हा ती सावरली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये दम्यानं साडेचार लाखांहून अधिक माणसं दगावली. आजारावर औषध असताना! मे महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी जागतिक दमा दिन पाळतात, पण लपवाछपवी घराघरांत वर्षभर चालते.

आता ती रोज स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून पंप घेते, नंतर चूळ भरते. धाप लागली तर काय करायचं, ते वर्गशिक्षिकांकडे लिहून दिलंय. ती खो-खो खेळते. तुमच्या मुलाला दमा असेल तर शाळेला सांगा, निळा पंप हाताशी ठेवा आणि बरं वाटतंय म्हणून रोजचा पंप डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.